विद्यार्थी समुदाय केंद्रातील उपक्रम आणि मेळावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या विद्यार्थी समुदाय केंद्राचे काम अनेक वर्षे पाहत असल्याने माझ्याकडे प्रश्न सतत येत असतात. काही सत्राच्या पहिल्या आठवड्यात जिन्यात थांबवून विचारलेले, काही कार्यक्रमाच्या आदल्या रात्री उशिरा पाठवलेले. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत आणि प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रत्येक विद्यापीठाची नियमावली वेगळी असते, म्हणून अर्जाचे नमुने आणि मुदती आपापल्या केंद्राच्या कार्यालयातच विचाराव्यात.

१. विद्यार्थी समुदाय केंद्र म्हणजे नक्की काय? तिथे जाऊन करायचे काय?

वर्गात, ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने काय करायचे हे आधीच ठरलेले असते. समुदाय केंद्रात ते विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवायचे असते. बैठकीची एक खोली, एक सभागृह, मंडळांचे सामान ठेवायला कपाटे, मोठा सूचनाफलक आणि कोणतेही कारण न सांगता बसता येईल असा एक कोपरा, एवढ्यावरही केंद्र उत्तम चालते.

या कल्पनेची मुळे वादसभांत आहेत. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांची वादसभा १८१५ मध्ये आणि ऑक्सफर्डमधील १८२३ मध्ये सुरू झाली. सभा भरवणे, विषय ठरवणे आणि पदाधिकारी निवडणे ही कामे विद्यार्थीच करत. पुढे वादसभेपुरती मर्यादा राहिली नाही आणि सर्वांसाठी स्वतंत्र इमारत असावी हा विचार रुजला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ मध्ये उघडलेला ह्यूस्टन हॉल हे त्या देशातील पहिले विद्यार्थी केंद्र मानले जाते. १९१४ मध्ये अशा केंद्रांची संघटनाही स्थापन झाली आणि ती आजही काम करते.

२. मी कुठल्याच मंडळाचा सदस्य नाही. तरी येता येईल का?

होय. मंडळाचे सदस्यत्व आणि केंद्रात येण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठाचे ओळखपत्र असलेला प्रत्येक विद्यार्थी केंद्रात येऊ शकतो; बहिःस्थ, अर्धवेळ आणि संशोधक विद्यार्थ्यांनाही हे लागू असते, मात्र संध्याकाळच्या प्रवेशाबाबत त्यांनी कार्यालयात एकदा खात्री करून घ्यावी. मंडळाची अंतर्गत निवडणूक किंवा कार्यकारिणीची बैठक सोडली तर बहुतेक कार्यक्रम सर्वांना खुले असतात. सूचनेत ‘फक्त सदस्यांसाठी’ असे लिहिलेले नसेल तर आपल्याला आमंत्रण आहे असेच समजावे.

३. एकट्याने यायला फार संकोच वाटतो. सगळे एकमेकांना ओळखत असतील, मी कुठे बसू?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि माझ्या मते केंद्राचे यश याच्या उत्तरावर मोजावे. एकट्याने आलेला विद्यार्थी पाहिला की तो लगेच ओळखू येतो. सूचनाफलकावरचा तोच कागद तो तिसऱ्यांदा वाचत असतो, मध्येच मोबाइल काढतो, आतून हसण्याचा आवाज आला की दोन पावले पुढे येतो आणि दार बंद दिसले की परत फिरतो. आत बसलेल्यांना हे कधीच कळत नाही.

येणाऱ्याने करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, कार्यक्रम सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी यावे. त्या वेळी गट जमलेले नसतात, खुर्च्या लावायच्या असतात आणि ‘ही खुर्ची इकडे ठेवू का?’ या एका वाक्यावर बोलणे सुरू होते; काम हातात असले की ओळख करून देण्याचे ओझे वाटत नाही. दुसरी, पहिल्या वेळी व्याख्यान किंवा गप्पांऐवजी हाताने काही करण्याचा उपक्रम निवडावा. बुद्धिबळ, पुस्तकांना कव्हर घालणे, भित्तिपत्रके रंगवणे, सायकल दुरुस्ती अशा ठिकाणी शांत बसणे कोणालाही विचित्र वाटत नाही.

आयोजकांनी करण्यासारख्या गोष्टी त्याहून जास्त आहेत. दार अर्धे तरी उघडे ठेवावे. दाराजवळच्या दोन-तीन खुर्च्या रिकाम्या ठेवाव्यात, म्हणजे उशिरा येणाऱ्याला संपूर्ण खोली ओलांडावी लागत नाही. खुर्च्या गोल मांडल्या असतील तर गोलात एक जागा मोकळी सोडावी, कारण पूर्ण भरलेला गोल बाहेरून भिंतीसारखा दिसतो. एका स्वयंसेवकाला त्या दिवशी दुसरे कोणतेही काम देऊ नये. त्याने फक्त दाराशी थांबावे, येणाऱ्याचे नाव विचारावे आणि त्याला आधीच बसलेल्या एखाद्याशी जोडून द्यावे. प्रत्येकाला उभे करून ‘स्वतःविषयी काहीतरी मजेशीर सांगा’ असे म्हणणे मात्र टाळावे. संकोची माणूस त्या एका वाक्याने पुढच्या वेळी येईनासा होतो.

४. केंद्रात साधारण कोणते उपक्रम चालतात?

ढोबळपणे तीन प्रकार दिसतात. नियमित भेटी, म्हणजे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला त्याच वारी भरणारे वाचनगट, भाषांची देवाणघेवाण, वादसभा, नाट्यवाचन, गायनाचा सराव, बुद्धिबळ. प्रासंगिक कार्यक्रम, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत, स्नेहसंमेलन, प्रदर्शन, चित्रपट, पाहुण्यांचे व्याख्यान. आणि सेवा, म्हणजे जुन्या पुस्तकांची देवघेव, शाळकरी मुलांची शिकवणी, रक्तदान शिबिर, कायदेविषयक सल्ला, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्यांना शिकवणे.

छायाचित्रे दुसऱ्या प्रकाराची निघतात, पण केंद्र उभे राहते ते पहिल्यावर. वार्षिक संमेलनाला सभागृह भरले आणि बुधवारच्या वाचनगटाला खोली मिळाली नाही, असे होत असेल तर तिथे काहीतरी चुकत आहे.

५. दोनदा जाऊन आलो, कोणाशीच मैत्री झाली नाही. पुन्हा जाण्यात अर्थ आहे का?

आहे, कारण दोन भेटी फारच कमी आहेत. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की नुसत्या ओळखीची साधी मैत्री होण्यास एकमेकांच्या सहवासाचे सुमारे ५० तास, चांगली मैत्री होण्यास सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीसाठी २०० हून अधिक तास लागतात. दर आठवड्याला दोन तासांची बैठक धरली तर १५ आठवड्यांच्या सत्रात ३० तास होतात, म्हणजे एका सत्रात एकही भेट न चुकवणारासुद्धा पहिल्या टप्प्याच्या अलीकडेच असतो. उरलेले तास बैठकीबाहेरचे असतात. खुर्च्या आवरताना, दिवे बंद होईपर्यंत पायऱ्यांवर बोलत थांबताना आणि वसतिगृहाकडे एकत्र चालत जाताना जो वेळ जातो, तोच खरा कामी येतो. बैठक संपताच निघून जाण्याची सवय असेल तर ती आधी मोडावी.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रत्येक ओळखीची मैत्री व्हायलाच हवी असे नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘दुर्बल’ नात्यांचे महत्त्व मांडले. आपल्या जवळच्या मित्रांना बहुधा आपल्याला असते तेवढीच माहिती असते. नवी बातमी, नवी संधी दूरच्या परिचितांकडून येते. वेगळ्या विभागातील तीन-चार चेहऱ्यांना नावाने हाक मारता येणे हीसुद्धा एका सत्राची चांगली कमाई आहे.

६. या सगळ्यामुळे अभ्यास मागे पडत नाही का? घरचे हेच विचारतात.

वेळ मर्यादित असल्याने प्रमाण सांभाळावे लागतेच. तीन मंडळांची पदे एकाच वेळी घेतलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यास मागे पडतो, हे मी पाहिले आहे. पण प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये, विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याचे विवेचन करताना, संस्थेशी जुळणाऱ्या शैक्षणिक आणि सामाजिक या दोन्ही धाग्यांना महत्त्व दिले. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या सहभागाच्या सिद्धांतातही विद्यार्थी महाविद्यालयीन जीवनात जितका मनापासून गुंततो तितके त्याचे शिकणे वाढते, असा विचार आहे. केंद्रात गेल्याने गुण वाढतात असे यावरून कोणी म्हणू नये. पण ज्याला तिथे चार माणसे ओळखतात, तो नापास झाल्यावर खोलीत कोंडून न घेता कोणाकडे तरी जातो.

व्यवहारात, पहिल्या सत्रात एक नियमित भेट आणि अधूनमधून एखादा कार्यक्रम एवढे पुरे. पद घ्यायचे ते दुसऱ्या वर्षी.

७. मला नवा गट सुरू करायचा आहे. सुरुवात कशी करू? किती सदस्य लागतात?

मान्यताप्राप्त मंडळासाठी किमान सदस्यसंख्या, घटना आणि मार्गदर्शक अध्यापक लागतो आणि हे आकडे प्रत्येक विद्यापीठात वेगळे असतात. पण मान्यतेपासून सुरुवात करू नये, असा माझा आग्रह आहे. आधी तीन माणसे जमवावीत, वार आणि वेळ ठरवावी आणि सलग सहा आठवडे, कितीही कमी लोक आले तरी, त्याच खोलीत भेटावे. सहाव्या आठवड्यानंतर गट टिकला असेल तर घटना लिहायला लोक असतात; टिकला नसेल तर घटनेचे श्रम वाचले.

जागा आणि वार न बदलण्याचे महत्त्व फार आहे. लिऑन फेस्टिंजर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांचा १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांवर होता. तेथे कोणाची कोणाशी मैत्री होते हे बऱ्याच अंशी दारांमधील अंतरावर आणि येण्या-जाण्याच्या वाटांवर अवलंबून असल्याचे दिसले. तेव्हा गटासाठी खोली निवडताना ती सुंदर आहे का यापेक्षा लोकांच्या रोजच्या वाटेवर आहे का, हे पाहावे. तळमजल्यावरची साधी खोली चौथ्या मजल्यावरच्या नव्या सभागृहापेक्षा चांगली.

८. खोली किंवा सभागृह आरक्षित करताना काय चुकते?

बहुतेक अर्जांत फक्त कार्यक्रमाची वेळ लिहिलेली असते. मांडणी आणि आवराआवर धरून अर्ज करावा; दोन तासांच्या कार्यक्रमाला साडेतीन तासांचे आरक्षण लागते. ध्वनिक्षेपक, प्रोजेक्टर, एक्स्टेंशन बोर्ड, टेबले आणि खुर्च्यांची संख्या अर्जातच लिहावी, कारण आयत्या वेळी मिळाले तर ते नशीब समजावे. प्रोजेक्टर आपल्याच लॅपटॉपला जोडून आदल्या दिवशी एकदा पाहावा. कार्यक्रम रद्द झाला तर आरक्षण लगेच सोडावे. अडवून ठेवलेली रिकामी खोली म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी न झालेला कार्यक्रम असतो.

९. खोलीत माणसे किती मावतील, हे कसे ठरवायचे? थोडे जास्त आले तर काय बिघडते?

दारावर लिहिलेली मर्यादा हाच अंतिम आकडा आहे आणि तो आसनांच्या सोयीपेक्षा बाहेर पडण्याच्या वाटांवरून ठरतो. आग लागली किंवा वीज गेली तर सगळे एकाच क्षणी दाराकडे धावतात, त्या क्षणासाठी ही मर्यादा असते. म्हणून ‘थोडे जास्त’ चालत नाही आणि दाराबाहेर उभे राहणारेही चालत नाहीत, कारण ते वाट अडवतात.

नियोजनासाठी अंदाज हवा असेल तर अमेरिकेतील इमारत संहितेत वापरले जाणारे प्रमाण उपयोगी पडते. नुसत्या खुर्च्या मांडल्या तर माणशी सुमारे ०.६५ चौरस मीटर आणि टेबल-खुर्च्या मांडल्या तर सुमारे १.४ चौरस मीटर मोकळी जागा धरतात. ६० चौरस मीटरच्या खोलीत हा हिशोब व्याख्यानासाठी सुमारे ९२ आणि कार्यशाळेसाठी सुमारे ४२ असा निघतो. त्यातूनही व्यासपीठाची आणि मधल्या वाटांची जागा वजा करावी. एकाच खोलीची क्षमता मांडणी बदलली की निम्म्यावर येते, हे आयोजकांच्या ध्यानात राहत नाही आणि कार्यशाळेच्या दिवशी विद्यार्थी मांडीवर वह्या घेऊन लिहिताना दिसतात.

१०. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्मेच येतात. उपाय काय?

फुकट कार्यक्रमाला नाव नोंदवताना काही लागत नाही, त्यामुळे गळती होणारच. तिच्यावर रागावून उपयोग नाही. आदल्या संध्याकाळी आठवण पाठवावी आणि त्यातच ‘येत नसाल तर एवढे कळवा’ असे लिहावे. जागा कमी असतील तर प्रतीक्षा यादी ठेवावी. खोली अपेक्षेपेक्षा लहान घ्यावी. एकदा काव्यवाचनासाठी मी हट्टाने मोठे सभागृह घेतले होते. चौदा जण आले, दूर दूर बसले आणि वाचणाऱ्याचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून परत येत राहिला. तेच चौदा जण लहान खोलीत असते तर ती संध्याकाळ फार वेगळी झाली असती.

११. आमच्या मंडळाच्या बैठका तीन तास चालतात आणि काहीच ठरत नाही.

विषयपत्रिका दोन दिवस आधी पाठवावी आणि प्रत्येक विषयापुढे माहितीसाठी, चर्चेसाठी की निर्णयासाठी, हे लिहावे. निम्मा वेळ माहितीचे विषय चर्चेसारखे चघळण्यात जातो. निर्णयाच्या विषयांसाठी गणपूर्ती किती हे घटनेतच असावे आणि बैठकीच्या सुरुवातीला ती मोजून इतिवृत्तात नोंदवावी. गणपूर्तीशिवाय झालेला ठराव पुढे कोणीही रद्द करून घेऊ शकतो. इतिवृत्तात कोण काय बोलले हे न लिहिता काय ठरले, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढेच लिहावे. ते दुसऱ्या दिवशीच सर्वांकडे जायला हवे.

अध्यक्षाने स्वतः कमी बोलावे. जो अजून बोललेला नाही त्याला आधी विचारावे, मगच दुसऱ्यांदा बोलू पाहणाऱ्याला संधी द्यावी.

१२. वादग्रस्त विषयावर चर्चा ठेवली तर केंद्र परवानगी नाकारू शकते का? वक्त्याला विरोध झाला तर?

हा प्रश्न केंद्रांइतकाच जुना आहे. केंब्रिजची वादसभा स्थापनेनंतर दोनच वर्षांत, १८१७ मध्ये, विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी बंद केली होती. ती १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. आजही केंद्र परवानगी नाकारू शकते, पण कारण लेखी मागण्याचा आणि त्यावर दाद मागण्याचा मार्ग नियमावलीत असायला हवा. विषय अप्रिय आहे हे कारण पुरेसे नाही. हिंसेला चिथावणी, कोणाचा छळ किंवा जागेची सुरक्षितता, ही कारणे पुरेशी आहेत.

आयोजकांनी तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. सूत्रसंचालक असा असावा की दोन्ही बाजूंना तो आपला वाटला नाही तरी परका वाटू नये. प्रश्नोत्तरांना भाषणाइतकाच वेळ द्यावा. निषेध करणाऱ्यांना फलक घेऊन बसण्याची किंवा बाहेर उभे राहण्याची जागा आधीच सांगावी. शांतपणे उभे राहून पाठ फिरवणे हा निषेध आहे. वक्त्याला बोलूच न देणे म्हणजे ऐकायला आलेल्यांचा हक्क काढून घेणे आहे. या दोहोंमधील रेषा कार्यक्रमापूर्वी जाहीर केलेली असेल तरच ती ऐन वेळी पाळता येते. व्यक्तिगत छळाचा भाग असेल तर प्रश्न १८ पाहावा.

१३. माझ्याकडे चित्रपटांच्या ॲपचे सबस्क्रिप्शन आहे. ते लावून केंद्रात चित्रपट दाखवला तर चालेल का?

सहसा नाही. अशी सबस्क्रिप्शने घरगुती, वैयक्तिक पाहण्यापुरती असतात. केंद्रातील प्रदर्शन सार्वजनिक ठरते, तिकीट नसले तरीही, आणि त्यासाठी हक्कधारकाची किंवा त्याच्या अधिकृत वितरकाची वेगळी परवानगी लागते. ‘आम्ही पैसे घेत नाही’ हे उत्तर बहुतेक देशांत पुरत नाही. अध्यापकाने तासाला, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दाखवणे याला अनेक कायद्यांत सवलत असते. तीच फीत संध्याकाळी मंडळाने दाखवली तर ती सवलत राहत नाही.

जुने चित्रपट मोकळे झालेले असू शकतात, पण मुदत देशागणिक बदलते. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने (१८८६, पुढे सुधारित) साधारणपणे लेखकाच्या हयातीनंतर ५० वर्षे एवढे किमान संरक्षण ठरवले आहे आणि अनेक देशांनी ते वाढवले आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले लघुपट दाखवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. दिग्दर्शक समोरच बसलेला असल्याने चर्चाही चांगली रंगते. त्यातही वापरलेल्या संगीताची परवानगी आहे का, हे विचारून घ्यावे.

१४. अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळी व्यवस्था मागितल्यावर करायची की आधीपासून?

आधीपासून. मागावे लागणे हाच अडथळा आहे. व्हीलचेअरसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण १ : १२ आहे, म्हणजे १५ सेंटिमीटरची एक पायरी चढायला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. आयत्या वेळी टाकलेली फळी म्हणजे उतार नव्हे. ती घसरते आणि धोकादायक असते. व्हीलचेअरसाठी मोकळी ठेवलेली जागा ओळींच्या मध्येच असावी, म्हणजे बसणाऱ्याला आपल्या मित्रांशेजारी बसता येते. शेवटच्या भिंतीलगत एकटीच ठेवलेली जागा ही सोय नव्हे.

ध्वनिक्षेपक असेल तर तो वापरावाच. ‘माझा आवाज मोठा आहे, माइकची गरज नाही’ असे वक्ते अभिमानाने सांगतात आणि ऐकू कमी येणारा विद्यार्थी, सर्वांसमोर हात वर करायला नको म्हणून, तासभर ओठांकडे पाहत राहतो. प्रश्न विचारणाऱ्याकडेही माइक न्यावा किंवा सूत्रसंचालकाने प्रश्न पुन्हा उच्चारावा. पडद्यावर किंवा रंगमंचावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा प्रकाश टाळावा, कारण काही जणांना त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. टाळता येत नसेल तर सूचना आमंत्रणातच द्यावी. खाण्याचे पदार्थ असतील तर त्यांत काय आहे याची चिठ्ठी शेजारी ठेवावी.

१५. वेगवेगळ्या भाषांचे, देशांचे विद्यार्थी एकाच खोलीत असूनही आपापल्या गटातच बसतात. त्यांना एकत्र कसे आणायचे?

नुसते एकाच छताखाली आणल्याने हे होत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये, भिन्न गटांच्या संपर्काने पूर्वग्रह कधी कमी होतात याच्या चार अटी सांगितल्या : दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामाईक असावे, ते गाठायला सहकार्य लागावे आणि संस्थेचा त्याला पाठिंबा असावा. नेहमीच्या ‘संस्कृती दर्शन’ कार्यक्रमात पहिलीच अट मोडते. एक गट सादर करतो, दुसरा पाहतो आणि टाळ्या वाजवून आपल्या खुर्च्यांवर परत जातो.

त्यापेक्षा मिश्र गटांना एकच काम द्यावे. एखादी एकांकिका, ग्रंथपेटीची यादी, परिसराचा नकाशा, भाषांतराचे काम, काहीही चालेल, पण ते एकट्या गटाला पूर्ण करता येऊ नये. भाषांच्या देवाणघेवाणीत अर्धा तास एका भाषेत, अर्धा तास दुसऱ्या भाषेत अशी काटेकोर विभागणी ठेवावी, म्हणजे प्रत्येकजण आळीपाळीने अडखळतो आणि दर्जा आपोआप समान होतो. मनापासून सांगायचे तर केंद्रातील सर्वांत सुंदर तास मी याच बैठकांत पाहिले आहेत. पाच मिनिटांपूर्वी फाडफाड बोलणारी मुलगी घड्याळ पाहून थांबते, समोरच्याच्या भाषेत एक शब्द शोधते आणि समोरचा मुलगा, जो आतापर्यंत मान खाली घालून बसला होता, तो तिला हळूच पुरवतो.

१६. माजी विद्यार्थी, बाहेरचे मित्र किंवा लहान मुले यांना आणता येते का?

माजी विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी खुल्या कार्यक्रमांत प्रवेश असतो, पण मतदानाचा आणि आरक्षणाचा हक्क नसतो. बाहेरच्या पाहुण्याची नोंद त्याला आणणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर होते आणि पाहुण्याच्या वागण्याची जबाबदारीही त्याचीच असते. लहान मुले पालकांसोबत असावीत. शिकवणीसारख्या उपक्रमांत मुलांबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी विद्यापीठाचे स्वतंत्र नियम असतात आणि ते काटेकोर पाळावेत. एकाच स्वयंसेवकाला मुलाबरोबर बंद खोलीत राहावे लागू नये, एवढे तरी सर्वत्र पाळले गेले पाहिजे.

१७. वर्गणी, प्रायोजक आणि हिशोब यांचे काय?

पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात कधीही घेऊ नयेत, अगदी दोन दिवसांसाठीही नाही. विद्यापीठाचे खाते किंवा मंडळाचे दोन सह्यांनी चालणारे खाते वापरावे. प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि सत्राच्या शेवटी हिशोब सूचनाफलकावर लावावा. विचारले जाण्यापूर्वी लावलेल्या हिशोबावर सहसा कोणी शंका घेत नाही. प्रायोजकाचे नाव फलकावर येऊ शकते. त्याला विद्यार्थ्यांची संपर्क यादी देता येत नाही. वर्गणी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये, यासाठी सवलतीचा अर्ज फक्त खजिनदारापर्यंत जावा, बैठकीत वाचला जाऊ नये.

१८. कार्यक्रमात कोणी सतत मागे लागते, टोमणे मारते किंवा फोटो काढते. तक्रार केली तर ‘वातावरण बिघडवले’ असे म्हणतील ना?

वातावरण बिघडवणारा तो आहे, तक्रार करणारा नव्हे. कार्यक्रमाच्या ठिकाणी ओळखपत्र लावलेला स्वयंसेवक किंवा केंद्राचा कर्मचारी असतो. त्याला लगेच सांगावे आणि सांगताना नाट्यमय काही घडायला हवे असे मानू नये. ‘मला याच्याजवळ बसायचे नाही’ एवढेही पुरेसे आहे. दिवस, वेळ आणि सोबत कोण होते हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. प्रकार गंभीर असेल तर तक्रार मंडळाने आपापसांत मिटवू नये, विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे पाठवावी. अध्यक्ष आणि आरोप असलेली व्यक्ती मित्र असण्याची शक्यता मंडळात नेहमीच असते.

फोटोंविषयी, प्रवेशाशी सूचना लावावी आणि ज्यांना फोटो नको त्यांच्यासाठी खोलीचा एक भाग ठेवावा. सूचना लावली म्हणजे संमती मिळाली असे नाही. कोणी नंतर फोटो काढून टाकायला सांगितले तर कारण न विचारता काढावा.

१९. परीक्षेच्या काळात आणि सुट्टीत केंद्र बंद ठेवणे योग्य नाही का?

कार्यक्रम थांबवावेत, दार बंद करू नये. परीक्षेच्या काळात ताण सर्वांत जास्त असतो आणि त्याच आठवड्यांत नियमित भेटी बंद पडतात. बैठका अर्ध्या तासावर आणाव्यात, विषय नसला तरी चालेल, पण वार चुकवू नये. सुट्टीत घरी जाऊ न शकणारे विद्यार्थी मागे राहतात, त्यांत परदेशी आणि संशोधक विद्यार्थी बरेच असतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली उघडी असली तरी मोठा आधार होतो.

२०. आमच्या मंडळाचे सगळे काम एकीच पाहते. ती पुढच्या सत्रात उत्तीर्ण होऊन जाईल, मग काय?

मंडळे भांडणापेक्षा याच कारणाने जास्त बंद पडतात. निवडणूक सत्र संपताना न घेता संपण्याच्या दोन महिने आधी घ्यावी, म्हणजे जुने आणि नवे पदाधिकारी काही काळ एकत्र काम करतात. एक वही ठेवावी. तीत खोली कोण देते, कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे, कोणत्या महिन्यात कोणता अर्ज करायचा, कोणता वक्ता आयत्या वेळी येत नाही, असे सगळे लिहावे. पासवर्ड मंडळाच्या सामाईक ईमेलवर असावेत. आणि त्या एकीला आत्ताच एखादी बैठक चुकवायला सांगावी. तिच्याशिवाय ती बैठक कशी होते यावरून वहीत काय राहिले आहे ते कळेल.

२१. आणि कोणीच आले नाही तर? सूचना लावली, खोली घेतली, खुर्च्या मांडल्या आणि वाट पाहतोय.

जाहीर केलेल्या वेळेपासून निदान पाऊण तास थांबावे आणि दार उघडे ठेवावे. एक जण आला तरी बैठक घ्यावी. त्याला ‘आज रद्द आहे’ असे सांगितले तर तो पुन्हा येणार नाही. त्याच्याबरोबर अर्धा तास बसावे, ठरलेले पान वाचावे किंवा एक डाव खेळावा. नोंदवहीत तारीख आणि उपस्थिती खरीच लिहावी, एक असेल तर एक, शून्य असेल तर शून्य, म्हणजे पुढे वार किंवा वेळ बदलायची का हे ठरवताना अंदाजावर जावे लागत नाही. जाण्यापूर्वी दारावरची सूचना काढून त्या जागी पुढच्या आठवड्याची लावावी.